थोरलीचा चढ

अकोल्याच्या कापसाच्या जिनातले हमाल ट्रकांना नात्यानं ओळखत. तीनटनी ती धाकटी, पाचटनी मधली, आठटनी थोरली. डोमाजी बावन्न-त्रेपन्नात हमालीला लागला तेव्हा फाटकापुढं नुसत्या धाकट्यांची रांग असे. लढाईनंतर लिलावात निघालेल्या, खोकत येणाऱ्या, पण स्वभावानं गरीब. मग मधल्या वाढल्या. साठ साल उलटलं आणि थोरल्यांनी सगळं अंगणच बळकावलं. आता एखादी धाकटी दिसली की हमाल माहेरचं माणूस आल्यासारखे हरखत.

हरखतील नाही तर काय! गाडी जितकी मोठी तितका तिचा हौदा उंच, आणि सरकीचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चढायचं ते हमालाच्या गुडघ्यांनी. डोमाजीचे गुडघे तर केव्हाच कुरकुरू लागले होते. मुकादम नत्थुजीनं दिवाळीलाच बजावलं होतं, "डोमा, थोरली भरता आली तं ये. नाई तं घरी बस." घरी बसून खायचं काय, ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

बडनेऱ्याचा शफी ड्रायव्हर आपली थोरली अंगणातल्या कडुनिंबाखाली लावी, आणि ती भरायला डोमाजीलाच घेई. हंगामाच्या पहिल्या पोत्याला डोमाजीनं देवाचं नाव घेतलं आणि सरळ वर चढून गेला! मग त्याच्या तोंडाला कोण आवरणार? "थोरलीले काहून भेता रे लेकहो?" असं तो तरण्या हमालांना रोज चिडवू लागला.

पौषात दुसरीच एक थोरली आली आणि फाटकाजवळ लागली. डोमाजी फळीवर अर्ध्यातच अडकला. गुडघा लटलटला, पोतं दोघांनी धरून उतरवलं. नत्थुजीनं पाहिलं आणि म्हणाला, "उद्यापासून येऊ नको."

डोमाजी पाय ओढत कडुनिंबाकडं गेला. शफीची गाडी बाजूला उभी होती आणि शफी कुदळीनं जमीन उकरत होता. मागच्या चाकांपुरते दोन जुने खड्डे, चांगले हातभर खोल; त्यांत ढासळलेली माती तो काढत होता. भरलेली गाडी निघावी म्हणून पुढची कड तिरकी काढलेली.

"हे काय करून राहिला, शफीभाई?"

"काई नाई. टायर थंडे राहतात."

"पौषात?"

शफी ओशाळून हसला. "तुमी रचलेलं पोतं बडनेऱ्यापर्यंत हलत नाई, डोमाजी. दुसऱ्यानं भरली का वळणावळणाले माहा जीव टांगणीले लागते. म्हून म्हटलं, तुमचा चढ जरा कमी करावा."

हंगामभर ज्या चढाची त्यानं बढाई मारली, तो चढ या माणसानं गुपचूप उतरवून ठेवला होता. डोमाजीला लाज वाटायला हवी होती, पण त्याला भरूनच आलं. त्यानं शफीचे मातीनं भरलेले हात धरले. "लय उपकार झाले बा तुहे."

नत्थुजी मागं येऊन उभा होता. त्यानं एका खड्ड्यात पाय घालून खोली पाहिली. मग फाटकाकडं वळून ओरडला, "त्या थोरलीले इकडं लाव रे!"

गाडी खड्ड्यात बसली, फळी टेकली. नत्थुजी स्वतः रिकाम्या हातानं वर जाऊन आला.

"डोमा, मले वाटलं तू म्हातारा झाला," तो म्हणाला. "तू तं हाये तसाच हायेस. गाडी उंच झाली. उद्या ये."

तरणे हमाल तर आधीच फळीपाशी गोळा झाले होते. गुडघे त्यांचेही दुखत होते, फक्त बोलायची चोरी होती.

डोमाजीनं पोतं पाठीवर घेतलं, आणि फळीवर पाय ठेवताना देवाच्या आधी शफीचं नाव घेतलं.