पालकांना इत्तला

मी बोलतोय, शाळेच्या फाटकावरचा फळा. वर्गातल्या फळ्याशी माझी गल्लत करू नका. त्याच्यासमोर पोरं मुकाट्यानं बसतात, कारण शेजारी बाई छडी घेऊन उभ्या असतात. माझ्यासमोर कुणी बसत नाही. मला वाचायचं ते जाता-जाता, तेही मोठ्या माणसांनी. आणि मोठी माणसं वाचत नाहीत. हा अपमान मी बरीच वर्षं गिळला आहे, म्हणून आज थोडं मन मोकळं करतो.

तसा मीही आधी वर्गातलाच. निजामाच्या राज्यात पैठणच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या गावात वस्तानिया शाळा निघाली. वस्तानिया म्हणजे मधली, पाचवी ते सातवीची. गावच्या सुतारानं चार सागवानी फळ्या जोडून मला उभं केलं आणि काळा रंग फासला. माझ्यावर उर्दू लिहायचे, उजवीकडून डावीकडं. मग पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं आणि वर्षा-दोन वर्षांत माझ्यावर मराठी आली. सुरुवातीला खडू डावीकडून निघाला की मला गुदगुल्या व्हायच्या. पोरांच्या चुका मात्र दोन्ही लिप्यांत तेवढ्याच होत्या.

पुढं माझी खालची फळी तडकली. मला मोडीत काढायचं ठरलं होतं, पण हेडमास्तर आप्पासाहेबांनी वाचवलं. तडकलेली फळी कापली, उरलेल्याला चौकट मारली, वर पत्र्याचं छोटं छप्पर ठोकलं आणि मला फाटकाशेजारी बाहेरच्या अंगाला टांगलं. "पालकांना इत्तला मिळाली पाहिजे, खबर लागली पाहिजे," ते शिपाई फकिराला म्हणाले. "शाळेत काय चाललंय ते गावाला कळत नाही, ही आपलीच चूक आहे."

आप्पासाहेबांचं अक्षर म्हणजे नुसतं बघत राहावं असं. स्नेहसंमेलन, वेरूळची सहल, देवी टोचणारे डॉक्टर कधी येणार, सहामाहीचं वेळापत्रक, सगळं माझ्यावर यायचं. मथळा लाल खडूनं, तारीख पिवळ्या, खाली सही. लिहून झालं की दोन पावलं मागं जाऊन ते मान तिरपी करून बघायचे. मला नटवल्यासारखं वाटायचं, खोटं कशाला बोलू. मग हात झटकून ते आत जायचे. त्यांच्या लेखी फळ्यावर लिहिलं म्हणजे सांगून झालं.

आणि गाव? गाव मला टेकून सायकली उभ्या करायचं. समोरच एस.टी. थांबायची, तिची वाट बघणारी माणसं माझ्या सावलीत पान खायची. काहीजण माझ्याकडं बघून गंभीरपणे मान डोलवायचे आणि निघून जायचे. त्यातल्या अर्ध्यांना वाचता येत नव्हतं आणि उरलेल्यांना वाटायचं, आपल्यासाठी थोडंच आहे हे. एकदा पालकांच्या सभेची सूचना आठ दिवस माझ्यावर झळकत होती. फकिरानं व्हरांड्यात चार सतरंज्या अंथरल्या. आला कोण, तर चहाची ऑर्डर विचारायला हॉटेलवाला, आणि एक म्हातारा, ऊन लागलं म्हणून. आप्पासाहेब फार खट्टू झाले. "या गावाला शिक्षणाची आस्थाच नाही," म्हणाले. मला वाटायचं, आस्था असेल हो, पण ती विचारायला तुम्ही फाटकाबाहेर कधी आलात?

आस्था असलेली एक बाई मला ठाऊक होती. बानाबाई तिचं नाव. नवरा कडूबा, घरची साठ-सत्तर मेंढरं. पावसाळा संपला की मेंढरं घेऊन ही माणसं रानोरान हिंडायची, तळ दर आठवड्याला पुढं सरकायचा. त्यांची एकुलती एक लेक सरू चुलतीकडं राहून आमच्या शाळेत शिकत होती, सातवीला. बानाबाई दर बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, बाजाराला यायची, काढलेलं सूत विकायची आणि परत जाताना माझ्यासमोर उभी राहून फकिराला विचारायची, "आज काय म्हंतोय ह्यो?" फकिरा वाचून दाखवायचा. सगळ्या पालकांत मला वाचून घेणारी ही एकच बाई, आणि तीच निरक्षर.

सदुसष्ट सालच्या दिवाळीची गोष्ट. सुट्टी लागली होती, सरू आईबापाकडं तळावर गेली होती. त्यानंतर शाळेत पत्र आलं. शहरात मुलींच्या वसतिगृहात जागा भरायच्या होत्या. सातवीच्या हुशार मुलींची परीक्षा एकोणीस नोव्हेंबरला, रविवारी सकाळी, तिथल्याच औरंगपुऱ्यातल्या एका शाळेत. सोबत आई किंवा बाप हवा, त्यांच्या सही-अंगठ्याशिवाय अर्ज घेणार नव्हते. आमच्या गावात सातवीनंतर शाळा नव्हती. सरूला ही जागा मिळाली तर ती पुढं शिकणार, नाहीतर मेंढरांमागं जाणार आणि वर्ष-दोन वर्षांत तिचं लग्न होणार, हे उघड होतं.

आप्पासाहेबांनी सुंदर अक्षरात सूचना लिहिली, हात झटकले आणि सुट्टीसाठी आपल्या गावी पैठणला गेले. योगायोगानं तो बेस्तरवारच होता. बानाबाई आली, फकिरानं वाचून दाखवलं.

"एकोनीस म्हंजी कवा?" तिनं विचारलं.

फकिरानं बोटं मोजली. "आजचा सोडून तीन बाजार व्हऊ दे. तिसरा बाजार झाला की येनाऱ्या ऐतवारी. आदल्या दिवशी चारच्या गाडीनं निघायचं, मनकर्णाबाई संगं येनार हायत."

मनकर्णाबाई म्हणजे आमच्या शाळेत नव्यानं आलेल्या शिक्षिका. बानाबाईनं पदराच्या टोकाला तीन गाठी मारल्या. रानातल्या माणसांचं कॅलेंडर तेच. एक बाजार झाला की एक गाठ सोडायची, गाठी संपल्या की दिवस आला. ह्या हिशोबात ती जन्मात कधी चुकली नव्हती.

पहिला बाजार झाला, एक गाठ सुटली. दुसऱ्या आठवड्यात जनावरांत लाळ-खुरकत आली आणि तालुक्याहून बाजार बंद ठेवायचा हुकूम आला. गावात दवंडी पिटली. बानाबाईला मात्र अर्ध्या वाटेवर कुणीतरी सांगितलं, बाजार भरला नाही, परत फिर. ती परत फिरली. आता तुम्हीच सांगा, जो बाजार भरलाच नाही त्याची गाठ ती कशी सोडणार?

तिसऱ्या बेस्तरवारी ती दुपारी माझ्यासमोर आली. फकिरा नेमका लेकीकडं गेला होता. माझ्यावर एकोणीस तारीख ठळक पिवळी होती आणि परीक्षा तीन दिवसांवर होती. बाईनं माझ्यासमोर उभं राहून गाठ सोडली, उरलेल्या एका गाठीवरून बोट फिरवलं आणि समाधानानं हसली. मला दरदरून घाम फुटला असता, फुटत असता तर. सगळं माझ्या अंगावर लिहिलेलं होतं आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. इतका निरुपयोगी मी स्वतःला कधीच वाटलो नव्हतो.

ती निघालीच होती, तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन मनकर्णाबाई आल्या. "बरं झालं भेटलात," त्या म्हणाल्या. "परवा चारची गाडी बरं का. सरू कुठंय?"

"परवा कशापायी?" बानाबाई म्हणाली. "आजून येक बाजार हाय की." आणि तिनं पदराची गाठ पुढं केली.

मनकर्णाबाईंनी त्या गाठीचा हिशोब जुळवून बघितला. मग त्यांचा चेहरा उतरला. "अहो, मधला बाजार भरला नाही, पण आठवडा तर गेला ना."

बानाबाईनं उरलेली गाठ सोडून टाकली. सूत तिथंच मनकर्णाबाईंच्या पायाशी टाकलं. "तळ पाच कोसावर हाय. पोरीला घिऊन येते. गाडी तेवढी धरून ठिवा," म्हणाली आणि चालायला लागली.

शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी आप्पासाहेब पैठणहून परतले. मनकर्णाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि स्वतःचीच सूचना दोनदा वाचली. "मी लिहिलं होतं," एवढंच म्हणाले, पण आवाजात नेहमीचा तोरा नव्हता.

पावणेचारला गाडी लागली. चार वाजले तरी रस्त्यावर बानाबाईचा पत्ता नाही. ड्रायव्हर सांडू आमच्याच गावचा, त्याचा मुलगा पाचवीत. चहाचा कप ठेवून तो उठला. मनकर्णाबाई म्हणाल्या, "थोडं थांबता?" तो म्हणाला, "बाई, टायमाचं मला लई ऐकावं लागतं वर."

आता जे झालं त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. पाच मिनिटं उशिरा आलेल्या पोराला अंगठे धरून उभं करणारे आप्पासाहेब पुढं झाले, सांडूच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सांडूराव, तुमच्या चिरंजीवांविषयी बोलायचं राहून गेलंय. अजून एक चहा घ्या."

सांडू दचकला. "काय केलं त्यानं?"

"पळण्यात पहिला आला. सबंध शाळेत."

"कवा?"

"दसऱ्याच्या आधी. फळ्यावर होतं की."

"मला कुनी बोललंच नाय," सांडू म्हणाला आणि बाकड्यावर बसला.

मग आप्पासाहेब बोलत सुटले. पोराचं गणित कच्चं आहे पण कविता तोंडपाठ असते. शाळेच्या बागेतल्या वांग्यांना तोच पाणी घालतो. गाणाऱ्यांत घेतलं तर उभा राहतो, पण तोंड उघडत नाही. सांडू तोंड उघडं टाकून ऐकत होता, मधूनच "व्हय?" म्हणत होता. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. "थांब रं, पोराचं चाललंय माझ्या," सांडूनं त्याला दटावलं. गाडीतले चार बाप खिडक्यांतून डोकी काढून ऐकायला लागले. एकानं तर विचारलं, "मास्तर, आमच्या द्वारकीचं काय चाललंय?" तिचंही सांगून झालं. चार वाजून वीस मिनिटं झाली.

तेव्हा वळणावर दोघीजणी दिसल्या. पुढं बानाबाई, मागं दप्तर छातीशी धरलेली सरू. तळ पुढं हलला होता, तो शोधण्यातच बाईचा सबंध शुक्रवार गेला होता. दोघींचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं पांढरे. सरूला हात देऊन मनकर्णाबाईंनी वर घेतलं. बानाबाई पायरीवर थांबली आणि आप्पासाहेबांना म्हणाली, "मास्तर, चुकी माजीच."

"नाही," आप्पासाहेब म्हणाले. "बसा. चुकी माझी आहे."

गाडी गेली. मला इतकं हलकं वाटलं, की वाऱ्यानं खिळ्यावरून निघेन की काय असं झालं.

निकाल जानेवारीत लागला. आप्पासाहेबांनी तो माझ्यावर लिहिला, पण या वेळी हात झटकून आत गेले नाहीत. फकिराला म्हणाले, "उचल ह्याला." मला खांद्यावर घालून फकिरा बाजारात गेला आणि लिंबाच्या झाडाला टेकवून ठेवलं. सूत घेऊन बसलेल्या बानाबाईपुढं आप्पासाहेब उकिडवे बसले, सूचना वाचली आणि म्हणाले, "आता तुम्ही सांगा, काय कळलं?"

"माजी सरू पास झाली."

"आणि?"

बानाबाईनं पदर नीट केला. त्याला एकही गाठ नव्हती. "धा जूनला तिला वसतिगृहात न्यायची. सोमवारी." आणि वर म्हणाली, "बाजार भरू नाय तर न भरू."

आजूबाजूच्या बायका खळखळून हसल्या आणि आप्पासाहेब त्यांच्याहून मोठ्यानं हसले. तेव्हापासून आमच्या शाळेची रीतच पडली. दर बेस्तरवारी मी बाजारात जायचो, कुणीतरी मास्तर वाचायचा आणि पालकांकडून उलट वदवून घ्यायचा. पुढच्या सभेला सतरंज्या कमी पडल्या. सरू शिकली आणि पुढं पैठणच्या धरणाच्या कचेरीत नोकरीला लागली.

आता मी म्हातारा झालो आहे. पालकांचा मोबाईलवर ग्रुप आहे, सूचना तिकडं जातात. मला खिचडीच्या शेडमध्ये टांगलं आहे आणि स्वयंपाक करणाऱ्या दगडाबाई माझ्यावर रोजचं जेवण लिहितात. मला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त शाळेतल्या नव्या बाईंना एक सांगावंसं वाटतं. फोनवर निरोप धाडलात, छान केलंत. पण रानात, उसाच्या फडावर, विटांच्या भट्टीवर असलेल्या एखाद्या आईला तेवढं एकदा विचारा, "काय कळलं?" तिला बोलू द्या, मगच फोन ठेवा.

माझं म्हणाल तर मी सुखात आहे. आज माझ्यावर चुकीचं लिहिलं गेलं, तर फार तर मटकीच्या जागी मूग निघतात. कुणाची सरू मागं राहत नाही. सुटलो बाबा.