दुपारी घरी कोण असतं

छाया आंजी गावच्या शाळेत शिकवायची, आणि मे महिन्यात सगळ्या शिक्षकांसारखी तिच्याही गळ्यात जनगणनेची घरयादी पडली होती. तिच्या वाट्याला वर्ध्याच्या कडेचं एक लेआउट आलं. बारा-पंधरा वर्षांपूर्वी तिथं तूर उभी असायची. आता भिंतीला भिंत लागून स्लॅबची घरं, सिमेंटचे रस्ते, प्रत्येक गच्चीवर काळी टाकी. झाड म्हणावं असं एकच, कडुनिंब. तेही पार टोकाला, नाल्याच्या काठी, जिथं बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या आठ खोल्या होत्या.

तीन दिवसांत तिनं सत्तर घरं केली. बावीस घरांना कुलूप. उरलेल्यांत बहुतेक ठिकाणी दोन म्हातारी माणसं, खाली दोन खोल्यांत, एका कूलरपुढे. वरचा मजला मुलासाठी बांधलेला आणि बंद. मुलं पुण्याला, हैदराबादला. त्या आठ पत्र्याच्या खोल्यांत मात्र एकेचाळीस माणसं भरली.

तिसऱ्या दिवशी ती प्रमिलाबाईंच्या घरी पोचली तेव्हा अकरा वाजले होते आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. प्रमिलाबाईंनी आधी पन्हं दिलं, मग खुर्ची दिली. त्यांचे यजमान बबनराव निवृत्त पोस्टमास्तर. पलंगावर पेपर वाचत बसले होते.

"घरात किती माणसं राहतात, काकू?"

"चार. आम्ही दोघं, आदेश अन् सूनबाई."

"आदेश इथंच असतात?"

"पुण्याले असते. सात वर्षं झाली. पण त्याची खोली आहे ना वरतं. एसी बसवलाय. मी दर सोमवारी पुसून काढतो."

छायाला सांगणं जिवावर आलं. "काकू, जे इथं राहतात तेवढेच लिहायचे असतात."

"म्हणजे तुमच्या कागदात तो या घरचा नाईच?"

"लिव्हू दे ना त्याईले," बबनराव पेपरामागून म्हणाले. "दोघंच आहो आपण. खोटं काऊन सांगतं?"

प्रमिलाबाई उठल्या. रिकामा पेला घेऊन आत गेल्या आणि छाया निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

दोन दिवसांनी, राहिलेली कुलपं पुन्हा एकदा बघून यावीत म्हणून छाया त्याच गल्लीत आली. सकाळचं काम लांबलं आणि दीड वाजला. पारा शेहेचाळीसला टेकलेला. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. स्कूटीची किल्ली काढताना तिला कुणाची तरी हाक ऐकू आली. आधी वाटलं, कुणाच्या घरचा टीव्ही असेल. मग शब्द कळले.

"कोणी आहे का हो! अरे, कोणी तरी या!"

प्रमिलाबाई गच्चीवर होत्या. छाया धावत जिना चढून गेली. बबनराव टाकीच्या बाजूला आडवे पडले होते. बोअरचं पाणी वर चढत नव्हतं म्हणून ते व्हॉल्व्ह बघायला आले होते. अर्धा तास झाला तरी खाली येत नाहीत म्हणून प्रमिलाबाई गुडघे धरत धरत वर आल्या, तर हे असे. अंग तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा टिपूस नाही. डोळे अर्धवट उघडे.

"केव्हाची वरडून राह्यली मी," प्रमिलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. "कोणीच येत नाई वं बाई."

कोण येणार होतं? छायाला ते आता पाठ होतं. उजवीकडचं घर दिवाळीपासून बंद. डावीकडचे लोक मुलीकडे नाशिकला. समोर ऐंशीचे आजोबा, कानांनी अधू; त्यांच्या पलीकडे पुन्हा कुलूप. रुग्णवाहिकेला फोन लावला, तर गाडी केळझरकडे गेलेली, यायला वेळ लागेल म्हणाले. दोन बायकांनी त्यांना जिन्यावरून उतरवणं शक्य नव्हतं.

तिनं प्रमिलाबाईंना बबनरावांच्या तोंडावर सावली येईल असा पदर धरायला सांगितलं आणि ती खाली पळाली. कुठल्याच फाटकाशी थांबली नाही. सरळ नाल्याकडे गेली. उन्हाळ्यात मिस्त्री लोक पहाटेच कामाला लागतात आणि अकराला परततात, हे तिनंच विचारलं होतं, लिहिताना.

पत्र्याखाली बसवत नाही म्हणून सगळी कडुनिंबाखाली होती. तानबा मिस्त्री बनियनवर पडला होता. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत तो उठला. त्याच्या बायकोनं, यशोदाबाईनं, रांजणातलं पाणी बादलीत ओतलं. दिवसभराचं प्यायचं पाणी होतं ते. तानबा आणि आणखी तिघांनी बबनरावांना चादरीत उचलून खाली आणलं. यशोदाबाई त्यांच्या अंगावर ओला कपडा फिरवत राहिली आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाच्या ऑटोतून त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी बर्फ लावला, सलाईन लावलं. बबनराव शुद्धीवर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गेले.

आदेश दुपारी पोचला. चांगला मुलगा होता. तानबाचे हात धरून रडला. तेरा दिवस वरच्या खोलीत राहिला. तेरवीला छाया गेली तेव्हा प्रमिलाबाई त्याला समजावत होत्या.

"मी इथंच राहतो. वरच्या खोल्या यशोदेले दे. त्याईची लेकरं पत्र्यात भाजून राह्यली. मले बी सोबत होईल."

"आई, उद्या तुझ्याकडे कोण लक्ष देणार? अनोळखी माणसं आहेत."

"तुह्या बापाले त्याईनंच उचललं."

"हो, पण…" आदेश थांबला. मग हळूच म्हणाला, "मी तुला इथं टाकून गेलो तर मला झोप लागेल का?"

प्रमिलाबाईंनी छायाकडे बघितलं. आपण मध्ये बोलावं असं छायाला फार वाटलं, पण ती कोण होती त्या घरची?

दोन दिवसांनी पुण्याला जायला प्रमिलाबाईंचं सामान गाडीत भरलं. यशोदाबाई फाटकाशी उभी होती. प्रमिलाबाईंनी घरातली तुळस कुंडीसकट तिच्या हातात दिली.

"पाणी घालजो वं रोज," एवढंच म्हणाल्या.

"काकू, परत कधी येसान?"

प्रमिलाबाईंनी आदेशकडे पाहिलं. तो काच वर करत होता. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तेव्हा यशोदाबाई कुंडी कडेवर घेऊन नाल्याकडे निघाली. पत्र्यावरचं ऊन लांबूनच डोळ्यांत खुपत होतं.