दुपारी उघडं शटर

हातोड्याला हातोडा म्हणत ते काही उगाच नाही. धंदा वेल्डिंगचा, गेट, जाळ्या आणि शटरं बनवायचा. पण निवडणूक जवळ आली की साहेबांचा निरोप यायचा आणि हात दुसऱ्या कामाला लागायचे. वीस वर्षं तो साहेबांसाठी लोकांची तोंडं फोडत आला आणि स्वतःचं तोंड मात्र त्याने कधी उघडलं नाही. ह्याचा त्याला अभिमान होता. माणसाला कशाचाही अभिमान वाटतो, बघा.

दुसरा अभिमान लेकीचा. पोरगी विद्यापीठात राज्यशास्त्र शिकत होती. तिथे एक नवा अभ्यासक्रम निघाला होता: नुसती पुस्तकं घोकायची नाहीत, सहा महिने एखाद्या पक्षाच्या कार्यालयात बसून लोकांची कामं करायची. त्यातली मेख अशी, की ज्याच्या घरावर ज्या पक्षाचा झेंडा, त्याला मुद्दाम विरुद्ध पक्षाकडे धाडायचे. प्राध्यापकबाई म्हणायच्या, ज्यांना शिव्या देत वाढलात त्यांच्या टेबलाशी बसा, मग राजकारण कळेल. लेकीने हे घरी सांगितलंच नाही. बापाला म्हणाली, ग्रंथालयात काम मिळालंय. बाप खूश. डोक्यावर पंखा नि बसायला खुर्ची, आणखी काय पाहिजे?

मतदान तोंडावर आलं तसं साहेबांनी बोलावून घेतलं. विरोधी उमेदवाराचं कार्यालय जाळायचं होतं, पण आत माणूस नसताना. मेलेला माणूस मतं खातो, असं साहेबांचं म्हणणं. वेळ हातोड्यानेच सुचवली. तिथलं शटर त्यानेच बनवलेलं. तिथला म्हातारा कारकून भर दुपारी ते अर्धं ओढून घरी जेवायला जातो आणि झक्कपैकी डुलकी काढून येतो, हे त्याला पक्कं ठाऊक. तेवढ्या वेळात तिथे चिटपाखरू नसायचं.

नसायचं, पण आता असायचं. राबणाऱ्या माणसाला जेवणाच्या सुट्टीशिवाय तक्रार घेऊन यायला वेळ कुठला, असं विद्यापीठाच्या त्या पोरीने म्हाताऱ्याला पटवलं होतं. त्यामुळे दोघं दुपारीही आतच बसायची. ऊन येतं म्हणून शटर मात्र पहिल्यासारखं अर्ध्यावरच. बाहेरून बघणाऱ्याला काय कळणार, कपाळ?

तोंडाला रुमाल बांधून दोघे गेले. पुढे गज घेतलेला हातोडा, मागे पेट्रोलचा डबा घेऊन त्याचा जोडीदार कावळा. ऊन नुसतं मी म्हणत होतं. त्या उन्हातून वाकून आत शिरल्यावर हातोड्याला काही दिसेना. समोर कुणीतरी खुर्ची मागे ढकलून उठलं आणि हात वर करून आडवं आलं. डोक्याने काही विचारायच्या आत मनगटाने गज फिरवला. हाड मोडल्याचं त्याला हातात कळलं; वीस वर्षांत तेवढी ओळख झाली होती. उठलेलं माणूस टेबलावरून खाली कोसळलं. तेवढ्यात म्हाताऱ्याने हातोड्याच्या कमरेला मिठी मारली. हातोड्याने गज उलटा धरून त्याच्या डोक्यात घातला. एकदा, मग पुन्हा एकदा. जेवणाच्या उघड्या डब्यात, पोळीवर, रक्त सांडलं.

तिसऱ्यांदा गज वर गेला, तेव्हा खालून आवाज आला, "बाबा, पुरे."

ओरडली नाही, विनवलंही नाही. घरी टीव्ही मोठा झाला की म्हणायची, तसंच म्हणाली. हातोड्याने गज खाली टाकला.

कावळ्याने तोवर पेट्रोलचा डबा रिकामा केला होता आणि लायटर बाहेर काढला होता. हातोडा म्हणाला थांब, माझी लेक आहे. कावळा दारातच उभा होता. म्हणाला, "तिने ओळखलंय आपल्याला. आता तर जाळायलाच हवं."

मग हातोड्याने जे केलं ते कुठल्या साहेबाचं काम नव्हतं. त्याने कावळ्याची लायटरवरची बोटं मुठीत धरून उलटी मोडली. त्याचं थोबाड शटरच्या कडेवर आपटलं, दात पडले तरी आपटत राहिला. कावळा रांगत रांगत रस्त्यावर गेला आणि पळाला. हातोड्याने म्हाताऱ्याला खांद्यावर टाकलं, लेकीला दंडाला धरलं, आणि बाहेर उन्हात येऊन गाडी बोलवा, गाडी बोलवा, म्हणून ओरडत सुटला.

दवाखान्यात लेकीचा हात प्लास्टरमध्ये गेला. म्हातारा शुद्धीवर येईना. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. साहेबांचा फोन मात्र लगेच आला. तोंडं झाकलेली दोन अनोळखी माणसं होती, पोरीने एवढंच सांगायचं. नाहीतर हातोड्यालाही घर आहे, बायको आहे, हे त्याने विसरू नये.

आई खाटेशी बसून डोळे पुसत होती. "आपलेच दात नि आपलेच ओठ, बाळा," ती म्हणाली. "बाहेर काय सांगायचं?"

हातोडा भिंतीला टेकून उभा होता, नखांत रक्त सुकलेलं. तो भ्याला होता, तुरुंगाला आणि त्याहून साहेबांना. लेकीने खोटं बोलावं असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि तसं वाटतंय याची लाजही वाटत होती.

फौजदार आला, स्टूल ओढून बसला. त्याने विचारलं, कोण होते?

"दोघं होते. रुमाल बांधलेले," लेक म्हणाली. "ज्याने मला आणि कार्यालयातल्या आजोबांना मारलं, त्याचा रुमाल कालच मी धुतला होता. ते माझे वडील. हे उभे आहेत."

आईने तोंडावर पदर घेतला. फौजदाराने हातोड्याकडे पाहिलं आणि पुन्हा मुलीकडे. त्यांना पाठवलं कुणी?

"ते मी पाहिलेलं नाही, त्यामुळे सांगणार नाही. बाबांना विचारा. ते मारतात, पण माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत. ग्रंथालयाचं खोटं माझं होतं."

हातोड्याच्या खिशात फोन वाजू लागला. कुणाचा, ते बघायची गरज नव्हती. त्याने तो वाजू दिला. मग खाटेच्या पायथ्याशी, लेकीच्या पायांजवळ, तो जमिनीवरच बसला.

"लिहून घ्या," तो म्हणाला. "दुपारची वेळ मीच सुचवली. गजही माझाच. काम कुणाचं होतं, तेही सांगतो."

आणि त्याने साहेबांचं नाव घेतलं, अगदी आडनावासकट. फौजदाराने आधी उठून खोलीचं दार आतून लावलं, मगच पेन उघडलं.