वर्तुळ भरलंच नाही

व्हर्ना स्कॅग्सला नर्स व्हायचं होतं. केंटकीच्या डोंगरातल्या एका गावच्या वृद्धाश्रमात ती कितीतरी वर्षं म्हाताऱ्यांची अंगं पुसत होती, त्यांना घास भरवत होती. औषध द्यायची वेळ आली की मात्र तिनं बाजूला व्हायचं, कारण ते नर्सचं काम. नर्सिंगला प्रवेश हवा असेल तर आधी कॉलेजात बीजगणित पास व्हावं लागे. तरुणपणी ती त्यात आपटली होती. मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर तिची फळ्यावरची चूक वाचून दाखवली होती. तेव्हापासून तिनं गणिताचं पुस्तक उघडलं नव्हतं.

इतक्या वर्षांनी तिनं पुन्हा नाव घातलं, पण आता वर्गात फळाच उरला नव्हता. कॉलेजनं तिथं संगणकांच्या रांगा मांडल्या होत्या. ज्याला जे येत नाही तेच यंत्र शिकवायचं, त्याच्या त्याच्या वेगानं. पडद्यावर एक वर्तुळ असे. धडा जमला की त्यात थोडा रंग भरे. एके काळी दुसऱ्या वर्गांना शिकवणारे डाउडी सर आता रांगांमधून फिरत, कुणी हात वर केला तर वाकून बघत.

सुरुवातीला व्हर्ना अगदी हवेत होती. यंत्र उसासे टाकत नव्हतं, चुकलं तर निमूट पुन्हा समजावत होतं.

"बघ लर्लीन, निम्म्याच्या वर रंगलंय!" तिनं बहिणीला फोटो दाखवला.

"बाई गं, गणित शिकतेयस की घराला रंग देतेयस?" लर्लीन खो खो हसली. पण रविवारी चर्चमध्ये तिनंच सगळ्यांना गाठून सांगितलं, आमची व्हर्ना नर्स होणार म्हणून.

मग उजळणीच्या चाचण्या सुरू झाल्या. पुढचं शिकवता शिकवता यंत्र मध्येच अडवून मागचं विचारी. त्या दिवशी व्हर्ना लागोपाठ दोन पाळ्या करून आली होती. अपूर्णांकांत वजाचं चिन्ह सुटलं, मग पुन्हा सुटलं. चाचणी संपली आणि वर्तुळाचा मोठा तुकडा पांढरा झाला.

डाउडी सरांनी खुर्ची ओढली, कागद पुढे सरकवला. तीच गणितं तिनं कागदावर झरझर सोडवली.

"येतंय की तुम्हाला!" सर म्हणाले.

"मग त्याला सांगा ना, सर."

"त्याला मी काय सांगणार, व्हर्ना? मला नुसतं बघता येतं."

पुढं असंच चाललं. ती भरायची, ते पुसायचं. वर्तुळ ठरलेल्या खुणेपर्यंत भरल्याशिवाय शेवटची परीक्षा उघडत नसे, आणि मुदत जवळ येत होती. शेवटच्या आठवड्यात खूण अगदी हाताशी आली. त्या सकाळी वृद्धाश्रमातल्या कोंब्स आजी गेल्या. व्हर्नानं त्यांना अंघोळ घातली, केस विंचरले, मुलगी येईपर्यंत शेजारी बसली आणि तशीच कॉलेजात आली. संगणक सुरू करताच पडद्यावर उजळणीची चाचणी उभी राहिली. 'नंतर' म्हणायची सोय नव्हती. अक्षरं डोळ्यांसमोर पोहत होती. संपलं तेव्हा ती खुणेच्या पार खाली गेली होती.

सर तडक विभागप्रमुख बाईंच्या खोलीत गेले. व्हर्ना दाराबाहेर उभी होती. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"तिला परीक्षेला बसू द्या. मी जबाबदारी घेतो."

"डाउडी, आज तिला सोडलं तर उद्या सगळे दारात येतील. आणि पास होणाऱ्यांचं प्रमाण वाढलंय, ते तरी बघा."

"जे पोहोचत नाहीत ते नाव काढून घेतात. त्यांना त्या प्रमाणात कुठं धरता तुम्ही?"

आत फाईल मिटल्याचा आवाज झाला. सर बाहेर आले ते खाली बघत.

"नाव काढून घ्या, व्हर्ना. निदान नापासचा शिक्का तरी बसणार नाही."

"म्हणजे कॉलेजवरही नाही."

"हो. पुढच्या सत्रात पुन्हा बसता येईल."

"कुठून सुरू करायचं?"

"पहिल्यापासून."

संगणकापाशी परत येऊन तिनं पडद्यावर दाखवलेल्या जागी बोट टेकवलं. क्षणात नाव गेलं.

घरी लर्लीन मक्याची भाकरी आणि घेवडा घेऊन वाट बघत होती. "एवढंच ना? पुन्हा बस की! तू काय म्हातारी झालीस?"

"नाही गं," व्हर्ना म्हणाली. "तेव्हा मास्तरानं सगळ्यांसमोर हसं केलं होतं, तर निदान त्याचा राग तरी करता आला. आता कुणाचा करू?"

लर्लीननं ताट पुढे सरकवलं. पुढच्या रविवारी व्हर्ना चर्चला गेली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

हिवाळा सरताना एका आजोबांना उचलताना तिची पाठ धरली आणि वृद्धाश्रमानं तिला कपडे धुण्याच्या खोलीत टाकलं. तिथं माणसं नसतात, फक्त चादरी. एकदा किराण्याच्या दुकानात डाउडी सर भेटले. त्यांना कॉलेजनं घरी पाठवलं होतं. रांगांमधून फिरायला आता विद्यार्थीच ठेवले होते, ते स्वस्त पडत.

"कशा आहात?" सरांनी विचारलं.

"बरी आहे. तुम्ही?"

"बरा आहे."

दोघांनी ढिगातून आपापले बटाटे निवडून घेतले. मग व्हर्नानं आपली सामानाची ढकलगाडी वळवली आणि पैसे द्यायच्या रांगेत जाऊन उभी राहिली.