वहीवाले सर

वहीवाल्या सरांपुढे चूक लपत नाही, अशी त्यांची ख्याती होती. विद्यार्थ्याने व्हायोलिन हनुवटीखाली धरायच्या आधीच सर बजावायचे, "तिसऱ्या ओळीत वरचा सूर उतरेल हं, सांभाळा." आणि हमखास उतरायचा. लोक म्हणायचे, काय कान आहे! आता काय सांगायचं, कप्पाळ! कान कुठला, वही होती.

नियम साधा होता. शिकवणीला येताना रियाजाची वही आणायची. रोज काय वाजवलं, किती वेळ, कुठे अडलं आणि सरांना काय विचारायचंय, एवढं त्या त्या दिवशी लिहायचं. "पाऊण तासाची शिकवणी," सर नव्या माणसाला सुनवायचे. "त्यातला अर्धा वेळ मी तुमचं दुखणं शोधत बसू का? दुखणं घरून लिहून आणा, औषध मी देतो." बोलणं खोटं नव्हतं. वहीमुळे विद्यार्थी सुधारलेसुद्धा, कारण रोज लिहायचं म्हटलं की माणूस झक मारत स्वतःचं ऐकतो.

पण हा नियम सरांनी काढला तो तीन वर्षांपूर्वी. सगळ्यात बारीक तारेवरचे वरचे सूर त्यांना धड ऐकू येईनासे झाले, तेव्हा. खालचं सगळं नीट यायचं. वर गेलं की नुसती सळसळ, दाराबाहेर कोणी कागद चुरगाळावा तशी. सुरात की बेसूर, देव जाणे. हे बाहेर फुटलं तर बासष्टाव्या वर्षी शिकवणी बंद, आणि शिकवणी बंद म्हणजे सरच बंद. दुसरं त्यांना काही येत नव्हतं. घरातला बल्बसुद्धा बायको बदलायची.

बायकोला अर्थातच ठाऊक होतं. कानाचं मशीन आणून झालं होतं, पण त्यातून व्हायोलिन पत्रा खरवडल्यासारखं वाजायचं, म्हणून ते ड्रॉवरमध्ये पडून होतं.

"अहो, सांगून टाका एकदा सगळ्यांना," ती म्हणायची. "किती दिवस ताकाला जाऊन भांडं लपवणार?"

"झाकली मूठ आहे, राहू दे झाकलेली."

"मूठ झाकून झाकून हात दुखायला लागलाय तुमचा. आरशात बघा जरा."

ते मात्र खरं होतं. शिकवून माणूस एवढा दमत नाही, सोंग वठवून दमतो. सहा-सहा तास खुर्चीत बसायचं, वहीतलं पाठ ठेवायचं, आणि नेमक्या ओळीला "थांबा" म्हणायचं. संध्याकाळी पाठ खुर्चीला अशी चिकटायची की उठवत नसे. कधीकधी सरांना वाटायचं, कोणीतरी पकडावं आणि सोडवावं एकदाचं. मग दारावरची बेल वाजायची आणि ते पुन्हा ताठ बसायचे.

गुरुवारी साडेपाचला पडदेवाल्या बाई यायच्या. त्या एका दुकानात दिवसभर पडदे शिवायच्या. वय सेहेचाळीस, मुलं मोठी झालेली, दोन वर्षांपूर्वी एकदम उठून व्हायोलिन शिकायला निघालेल्या. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या खिडक्या झाकल्या, आता आपली एक उघडते," असं पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. त्यांची वही म्हणजे मापाची टेप. मिनिटं खरी, चुका खऱ्या, खाडाखोड नाही. सरांना ती वही वाचताना सगळ्यात जास्त विसावा मिळायचा, कारण तिच्यावर डोळे मिटून विसंबता यायचं.

या गुरुवारी बाई आल्या, बसल्या. व्हायोलिनची पेटी त्यांनी पायाशी ठेवली, उघडली नाही. वही तेवढी पुढे केली.

सरांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले.

"शुक्रवार. अर्धा तास. पाचवी ओळ अजून तशीच. सर महिनाभर सांगतायत वरचा सूर उतरतो, म्हणून बोट आणखी वर सरकवलं.

रविवार. एक तास. कानाला टोचतंय. पण सर म्हणतात म्हणजे तसंच असेल.

बुधवार. मोबाइलवरच्या सूर मोजणाऱ्या ट्यूनरला लावून पाहिलं. महिन्याभरापूर्वी शिकवणीत वाजवलं तेच बरोबर होतं असं तो दाखवतो. मला आठवतं, तेव्हा तीन दिवस सूर उतरत होता, तसं लिहिलंही होतं. शिकवणीच्या दिवशी सकाळी तो जमला, पण दुकानात जायची घाई होती, ते लिहायचं राहिलं. तरी सर उतरतोच म्हणाले. सर चुकायचे नाहीत. म्हणजे माझाच कान चुकतो.

प्रश्न: ज्याला कान नाही त्याने व्हायोलिन सोडावं का?"

शेवटची ओळ सरांनी दोनदा वाचली, मग तिसऱ्यांदा, वर बघावं लागू नये म्हणून.

"स्पष्ट सांगा, सर," बाई म्हणाल्या. "मला वाईट नाही वाटणार. आमच्या दुकानात एकाला रंगच ओळखता यायचे नाहीत. निळं मागितलं की हिरवं कापायचा. शेवटी मालकांनी त्याला पडद्यांचे रॉड बसवायला पाठवलं. सुखात आहे आता."

असं म्हणून त्या हसल्या, पण डोळे भरलेले होते. वाईट वाटणार नाही म्हणे!

सुटायला वाट होती. ट्यूनरचं काय खरं, यंत्रच ते, असं म्हटलं असतं तर बाईंनी ते मुकाट्याने ऐकलं असतं आणि तेही वहीत लिहिलं असतं. किंवा नुसतं गप्प बसायचं. बाई गेल्या असत्या, त्यांची वही गेली असती, कुणाला पत्ता लागला नसता. पण एवढ्या प्रामाणिक बाईचा स्वतःच्या कानावरचा विश्वास उडवायचा, हे पाप कुठे फेडायचं? आणि खरं सांगायचं तर सरांच्या अंगात आणखी एका खोट्यापुरतीही ताकद उरली नव्हती.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले.

"काय?"

"वरचे सूर. तीन वर्षं झाली. तुम्ही वहीत लिहायचात तेच मी तुम्हाला सांगायचो. त्या दिवशी तुम्ही सुरातच वाजवलं असणार. तुमचा कान चांगला आहे, बाई. माझा गेलाय."

बाईंचा चेहरा लाल झाला.

"चार आठवडे!" त्या म्हणाल्या. "चार आठवडे मी चांगला सूर बिघडवत बसले! नवरा म्हणाला, मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं वाजतंय, तर मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. रात्र रात्र वाटायचं, आपल्यातच खोट आहे. आणि तुम्ही इथे बसून 'आणखी चढवा' म्हणत होता?"

"हो."

"लाज नाही वाटली?"

"रोज वाटायची," सर म्हणाले. "तुमचं चुकत नाही. जा तुम्ही. वाटलं तर सगळ्यांना सांगा."

बाईंनी पेटी उचलली. दारापर्यंत गेल्या. सरांनी डोळे मिटले. त्यांना भीती वाटत होती, आणि हायसंही वाटत होतं, दोन्ही एकदम. पण दार वाजलं नाही, पेटीची खिटी वाजली. डोळे उघडले तर बाई उभ्याउभ्याच व्हायोलिन खांद्याला लावत होत्या.

त्यांनी पाचवी ओळ वाजवली. शेवटी वरच्या सुरावर गेल्या, थांबल्या.

"कसा आला?"

"माहीत नाही," सर म्हणाले. एकतीस वर्षं शिकवत होते, विद्यार्थ्यापुढे हे शब्द पहिल्यांदा बोलले.

बाईंनी मान तिरकी केली. "चढलाय. महिन्याची सवय लागली ना बोटाला." पुन्हा वाजवलं. "हां. आता आला. पण घासल्यासारखा येतोय. तुम्हाला ऐकू येत नाही ते कळलं. दिसतं तर ना? मग बघा की इकडे!"

सर पुढे सरकून बसले. तीन वर्षांत विद्यार्थी वाजवताना त्यांचे डोळे कागदावरल्या ओळी मोजायचे, आपली "थांबा" म्हणायची जागा चुकू नये म्हणून. आता त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"कोपर," ते म्हणाले. "वरच्या सुराला जाताना उजवं कोपर वर उचलताय. खांदा आवळतो, मग गज घासतो. सोडा ते खाली. आणखी. आता वाजवा."

बाईंनी वाजवलं.

"मोकळा आला," त्या म्हणाल्या. मग त्यांना पुन्हा राग आला. "दोन वर्षं मी कोपर उचलतेय! एवढं साधं कधीच कसं नाही सांगितलंत?"

"तुम्ही वहीत लिहिलं नव्हतंत," सर म्हणाले.