अंकनाथांचे नऊ आणि माझे दोन डबे

"नऊ! माझेबी नऊच!" मारुतीच्या पारावर अख्खं गाव नाचत होतं. बहात्तरचा दुष्काळ, विहिरींचे तळ उघडे पडलेले, आणि लोकांच्या अंगात हे वारं!

अंकनाथ महाराज गर्जले, "मनात कोणताही आकडा धरा! दुप्पट करा! अठरा मिळवा! निम्मे करा! आता धरलेला आकडा काढून टाका. उरले नऊ! साक्षात भास्कराचार्य आमच्या कानात सांगतात!"

छबुबाईनं पंचवीस धरले, नऊ उरले. आश्रुबानं सात धरले, तरी नऊच.

"पाणी सर्व्हे नंबर नऊमध्ये, लेकरांनो!"

नऊ नंबर म्हणजे सोसायटीचे चेअरमन आप्पाराव यांचा निव्वळ खडक. फुकटात आपल्या रानात विहीर व्हावी म्हणून महाराजांना गावात आणलेलंही त्यांनीच. सोसायटीकडं सुरुंगाची दारू एकाच विहिरीपुरती होती. सरकारी माणसानं पाण्याची खूण केलेली ओढ्याकाठी. दारू खडकात गेली असती, तर उन्हाळाभर गावाला घोटभर पाणी नव्हतं.

मी मोठ्यानं बोलणारी बाई नव्हे. लक्षवातींचा माझा नेम. रोज मोजून सारख्याच वातींचे दोन डबे भरते, एक देवीचा, एक महादेवाचा. ते पुढ्यातच होते.

"गहिनीनाथ गुरुजी, जरा येता?" शाळेतले गुरुजी आले, तशी मी म्हटलं, "हा डबा म्हणजे छबुबाईंच्या मनातला आकडा. दुप्पट, म्हणून दोन डबे. वर ह्या अठरा वाती. निम्मे करा."

गुरुजींनी एक डबा आणि नऊ वाती माझ्याकडं सारल्या.

"आता मनातला आकडा, म्हणजे हा डबाच, उचला."

उरल्या नऊ वाती. डबा कुणी उघडलासुद्धा नव्हता!

"अगं बया! ह्यो तर अठराचा निम्मा हाय!" छबुबाई खिदळल्या. "म्हाराज, चाळीस मिळवू का? मग कानात वीस ऐकू येतेल?"

"चाळीस चालत नाहीत! ग्रह कोपतील!"

"का वो? गिरहांना पाढे येत न्हाईत व्हय?" आश्रुबा ओरडला.

मग काय! जो तो वाती मांडू लागला. "बारा घाला, सहा! शंभर घाला, पन्नास!"

"पन्नास नंबर तर मसणवट्याचा! म्हाराजांना तिथंच खणू द्या!"

हसून हसून माझा पदर डोळ्यांना लागला. महाराज चपला विसरून पळाले. आप्पाराव पाराच्या फरशा मोजत राहिले.

गुरुजी म्हणाले, "न दिसणाऱ्या आकड्याला आपले जुने गणिती 'यावत्तावत्' म्हणत. तो शोधायची रीत भास्कराचार्यांनी आठशे वर्षांपूर्वी सगळ्यांसाठी उघड लिहून ठेवली. कानात कशाला सांगतील?"

सुरुंग ओढ्याकाठी लागला. पाणी आलं, तेही नऊ नव्हे, अकरा पुरुष खोल गेल्यावर!

माझा नेम अजून चालू आहे. देवापुढं डोळे मिटावेत, बायांनो. पण चमत्कार दाखवणाऱ्यापुढं ते उघडे ठेवावेत आणि अठरा कुठून आले, एवढं विचारावं.