ड्रमातली ऊब

रणजीतने माझ्या अळ्यांवर उकळती पेज ओतली आणि मग शेळ्या घेतल्या, त्या दिवसापासून मी त्या शेळ्यांवर डोळा ठेवून होते.

अळ्यांसाठी कुणी डूख धरतं का, असं वाटेल तुम्हाला. वाटू दे. चाकणजवळच्या निघोज्यातल्या आमच्या खोलीमागे सहा निळे ड्रम होते. मी कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायचे आणि ताटांत उरलेलं टबात भरून घरी आणून त्या ड्रमांत टाकायचे. त्यावर एक काळी माशी अंडी घालते. तिच्या अळ्या आठवडाभरात सगळं फस्त करून गुबगुबीत होतात. त्या अळ्या कोंबड्या खायच्या, कोंबड्यांची अंडी आम्ही. पन्नास कोंबड्या पोसल्या मी, दुकानातलं खाद्य न आणता. शाळा सातवीत सुटली, हे मात्र बघून बघून शिकले.

माझी मिनल बारावी सायन्सला आहे. तिने एकदा ड्रमावर हात धरला.

"आई, गरम लागतंय बघ. एकाने दुसऱ्याला खाल्लं की दहातला एकच वाटा पुढे पोचतो. बाकीचे नऊ जगण्यातच जळून जातात. ही त्यांची ऊब."

"म्हणजे वायाच की."

"वाया कसे? तेवढ्यावरच तर जगल्या ना त्या."

पटलं मला. राग तेवढा उलटा चालतो. वरचा साहेब कँटीनवाल्या रणजीतला एक शब्द बोलला, की माझ्यापर्यंत येताना त्याचे दहा झालेले असायचे.

झालं असं, की साहेबाच्या ताटात फ्लॉवरच्या भाजीत अळी निघाली. रणजीत सगळ्या बायकांसमोर माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ही बाई घरी किडे पाळते. हिच्याच पदराला लागून आली असणार!" फ्लॉवरची अळी हिरवी असते, माझी मातकट. हा फरक मी त्याला सांगायला गेले, इथेच माझी अक्कल बघा. माझं काम गेलं. संध्याकाळी तो दोन माणसं आणि भाताच्या पेजेचं पातेलं घेऊन आला. विचारलं नाही, सांगितलं नाही. सहाही ड्रमांत ओतलं. नुसता वास आला. आवाज अळ्यांना नसतोच.

खाद्य नाही म्हणून तीस कोंबड्या विकाव्या लागल्या. उरलेल्या वीस उकिरडा उकरत बसल्या.

आणि रणजीतने वीस शेळ्या घेतल्या. उष्टं फुकट, शेळ्या फुकटात वाढणार, असा त्याचा हिशोब. घराणं जुनं शेतकऱ्याचं. पण आजाला जनावर कळायचं, ह्याला फक्त सातबारा कळतो. शेळीचं पोट पाल्यासाठी असतं. त्यात भसाभस शिजलेलं आणि गोडधोड गेलं की आत आंबतं. माझ्या बापाची शेळी खळ्यात शिरून ज्वारी खाऊन आली होती. दिवस मावळायच्या आत फुगून गेली. तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

रोज थोडं थोडं घालतो तोवर निभेल, मला माहीत होतं. मी खंडेनवमीची वाट बघत होते.

खंडेनवमीला कंपनीत मशिनींना झेंडूचे हार पडले आणि दोन्ही शिफ्ट जेवल्या. जिलेबी, पुऱ्या, मसालेभात. दुपारी माझ्या दारावरून टेम्पो गेला, टब काठोकाठ भरलेले. ड्रायव्हर ज्योतीराम ओरडला, "मावशी, आज शेळ्यांची पण पार्टी!"

"होऊ दे की," मी म्हणाले.

एकच वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. घरात येऊन दुसऱ्या दिवशीच्या धम्मचक्र दिनासाठी पांढऱ्या साडीला इस्त्री केली, अगदी निऱ्यासुद्धा जुळवून. पंचशीलातलं पहिलंच शील, जीव न घेण्याचं, मी त्या दिवशी नुसतं तोंड मिटून मोडलं. आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

पाचच्या सुमाराला रणजीतची आई, छबूबाई, अनवाणी पळत आली.

"कस्तुरा, शेरडं फुगल्यात गं! डाक्टर चाकणच्या ट्रॅफिकमदी अडकलाय. तुला कळतंय त्यातलं, चल."

"रणजीत कुठाय?"

"हाय तितंच. तुझ्या दारात येत न्हाई म्हनतोय."

"मग मीही येत नाही."

"आगं, त्या मुक्या जनावरांनी काय केलंय तुझं?"

"माझ्या अळ्यांनी तरी काय केलं होतं, छबूबाई?"

म्हातारी तशीच मागे पळाली. थोड्या वेळाने रणजीत आला आणि फाटकाबाहेरच थांबला. "मावशी, चला ना."

"पेज ओतायला आत आला होतास. आताही आत ये."

तो आला. रिकाम्या ड्रमांपाशी मान खाली घालून उभा राहिला. एवढ्यासाठी मी महिनाभर झुरत होते, आणि एवढंसंच होतं ते. मी खायचा सोडा आणि गोडेतेलाची बाटली उचलली.

गोठ्यात डाव्या कुशी ढोलासारख्या ताणलेल्या. एकेकीला पुढचे पाय उंचावर ठेवून उभी केली, तेल आणि सोड्याचं पाणी पाजलं, कूस चोळली. रणजीतलाही चोळायला लावलं. हात भरून आले त्याचे, तरी थांबू दिलं नाही. सोळा वाचल्या. चौघी गेल्या.

तो खड्डा खणायला माणूस बोलवायला निघाला.

"पुरू नकोस. मला दे."

"मेलेल्या शेळ्या? काय करणार?"

"ड्रम रिकामे आहेत," मी म्हणाले. "आणि उद्यापासून कँटीनचं उरलेलं माझ्या दारात. तू स्वतः आणायचंस."

तेव्हापासून आणतो. टब खांद्यावर, नाकाला रुमाल. पंधरा दिवसांनी ड्रम पुन्हा वळवळू लागले, कोंबड्या दाराशी गर्दी करू लागल्या. एका दुपारी मी त्याला थांबवलं.

"हात धर वर."

त्याने घाबरत ड्रमावर हात धरला. "गरम लागतंय, मावशी."

"लागणारच. तुझ्या शेळ्या आहेत."

त्याने हात झटकन मागे घेतला. मी माझा मात्र तिथेच ठेवला. त्या चौघींतली एक गाभण होती.